नव्वद टक्के नेम आणि चुकलेला वार

पडद्यावर एक योद्धा उभा आहे, समोर राक्षस. खेळणाऱ्याने वार करण्याचे ठरविताच कोपऱ्यात आकडा उमटतो : नेम ९० टक्के. तो बटण दाबतो आणि तलवार हवेतच फिरते! ‘यंत्र लबाडी करते’ असे त्या वेळी म्हणणारे दोन-चार जण तुमच्या वर्गातही असतील. विद्यार्थी मित्रांनो, ही तक्रार आपण नीट तपासून पाहू. त्यासाठी शाळेत शिकलेली संभाव्यता पुरेशी आहे.

आपण एखादे पात्र होऊन खेळतो, त्या पात्राचे बळ हळूहळू वाढत जाते, अशा खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. त्यांतील लढाईचे मूळ संगणकात नाही, फाशात आहे. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी फोन राइसविट्झ याने १८२४ साली नकाशावर खेळावयाचा एक रणखेळ प्रसिद्ध केला. माऱ्यात किती सैनिक पडले हे त्यात फासे टाकून व कोष्टक पाहून ठरवीत. रणांगणावर योजना कितीही चांगली असली तरी दैवाचा वाटा राहतोच. तो वाटा फाशाकडे दिला होता. पुढे दीडशे वर्षांनी, १९७४ साली, अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन रणखेळप्रेमींनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. त्यात सैन्याच्या जागी एकेक वीर आला आणि सहा बाजूंच्या फाशाच्या जोडीला वीस बाजूंचा फासा आला.

हा फासा म्हणजे वीस समभुज त्रिकोणांनी बनलेला घन. प्रत्येक बाजू वर येण्याची शक्यता सारखीच, म्हणजे १/२०, अथवा ५ टक्के. शत्रूचे चिलखत जितके भक्कम, तितका मोठा आकडा पडावा लागे. समजा, १५ किंवा अधिक हवे आहेत. तसे आकडे सहा : १५, १६, १७, १८, १९, २०. म्हणून वार लागण्याची संभाव्यता ६/२०, म्हणजे ३० टक्के. पुढील बहुतेक संगणकीय खेळांनी हाच हिशेब उचलला. फक्त फासा टाकणारा हात दिसेनासा झाला.

आता यंत्र फासा टाकते तरी कसे? त्याच्याजवळ फासा नसतो, असते ते गणित. ७ ही संख्या घ्या. तिला ५ ने गुणा, ३ मिळवा आणि १६ ने भागून बाकी काढा. ६ येईल. ६ वर तीच क्रिया करा, १ येईल. पुढे ८, ११, १०, ५, १२... वरवर पाहता या संख्यांना काही क्रम दिसत नाही, पण सोळा पायऱ्यांनंतर पुन्हा ७ येते आणि तीच माळ सुरू होते. (कागदावर करून पाहाच.) खेळांतही बहुधा अशाच छद्म यादृच्छिक संख्या वापरतात, तेथे भाजक फार मोठा असतो, म्हणून माळ लवकर संपत नाही.

मूळ तक्रारीकडे वळू. ९० टक्के नेम म्हणजे दहातील एक वार चुकणार, हे सर्वांना पाठ असते. पण लढाईत वार एकच नसतो. दहाही वार लागण्याची संभाव्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.३५. याचा अर्थ दहा वारांत निदान एक तरी चुकण्याची शक्यता ६५ टक्के! वार चुकला तर नवल नाही; दहाच्या दहा लागले तरच थोडे नवल. मनाला मात्र ९० म्हणजे ‘जवळजवळ नक्की’ असे वाटते, आणि चुकलेला एक वार लागलेल्या नऊ वारांपेक्षा जास्त दिवस आठवतो.

जपानमधील ‘फायर एम्ब्लेम’ या खेळमालिकेच्या कर्त्यांनी यावर एक युक्ती केली. बुद्धिबळासारख्या चौकटींवर चालणाऱ्या या खेळात मेलेले पात्र सहसा परत येत नाही, त्यामुळे एकेका वाराला मोल असते. २००२ सालच्या भागापासून त्यांनी ०ते ९९ मधील एका संख्येऐवजी दोन संख्या काढून त्यांची सरासरी घेतली. सरासरी दाखविलेल्या आकड्यापेक्षा कमी आली, तर वार लागला. वरवर किरकोळ वाटणारा हा बदल काय करतो पाहा. दोन संख्यांच्या एकूण जोड्या १००×१००, म्हणजे १०,०००. नेम ९० असेल तर बेरीज १८० किंवा अधिक आल्यासच वार चुकेल. अशा जोड्या मोजल्या तर त्या फक्त १९० भरतात. म्हणजे पडद्यावर ९० लिहिलेले असते, पण खरा नेम ९८.१ टक्के! ७५ चा नेम ८७.७५ होतो, आणि उलट १० टक्क्यांचा घसरून २.१ वर येतो. दहा वारांत एक तरी चुकण्याची शक्यता ६५ वरून सुमारे १७ टक्क्यांवर येते.

म्हणजे यंत्र लबाडी करीत होते, पण खेळणाऱ्याच्या बाजूने! नियम शत्रूलाही तोच. परंतु खेळणाऱ्याचे नेम बहुधा मोठे आणि शत्रूचे लहान असल्याने फायदा खेळणाऱ्याचाच होतो. हा खेळ खेळणाऱ्यांना तो अधिक ‘न्याय्य’ वाटला, यात आश्चर्य नाही. मला स्वतःला ही युक्ती पूर्णपणे पसंत नाही. आपली समजूत चुकीची आहे म्हणून आकडाच तिच्या सोयीने वाकविला, तर ९० टक्के म्हणजे काय हे शिकण्याची एक चांगली संधी हातची जाते. हवामानखात्याचा पावसाचा अंदाज किंवा शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी सांगितलेली शक्यता अशी कोणी वाकवून ठेवलेली नसते.

याउलट, कर्त्यांच्या मनात नसताना झालेली एक गंमतही आहे. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या ‘पोकेमॉन’ खेळांत काही हल्ल्यांची अचूकता चक्क १०० टक्के होती. ती एका बाइटमध्ये, म्हणजे आठ द्विमान अंकांत साठवली होती. बाइटमध्ये ० ते २५५ अशा २५६ संख्या मावतात, म्हणून १०० टक्के म्हणजे २५५ असे धरले. यंत्र ० ते २५५ मधील एक संख्या काढी, आणि ती २५५ हून ‘लहान’ असेल तरच हल्ला लागे. नेमकी २५५ आली की शंभर टक्के अचूक हल्लाही वाया! असे २५६ त एकदा होणार. तुलना करताना ‘लहान किंवा समान’ म्हटले असते, तर हा घोळ झालाच नसता.

दोन साधे फासे आणि एक वही घेऊन सरासरीची करामत तुम्हाला घरी पाहता येईल. आधी एकच फासा साठ वेळा टाका आणि ५ किंवा कमी किती वेळा पडले ते लिहा. अपेक्षा ५० ची. मग दोन्ही फासे मिळून साठ वेळा टाका आणि त्यांची सरासरी ५ किंवा कमी, म्हणजे बेरीज १० किंवा कमी, किती वेळा आली ते मोजा. येथे ३६ पैकी ३३ जोड्या अनुकूल आहेत, म्हणजे अपेक्षा ५५ ची. आता हाच प्रयोग ५ ऐवजी २ घेऊन करा. आकडा कोणत्या बाजूला सरकेल, ते फासे टाकण्यापूर्वी वहीत लिहून ठेवा.