गिझरमधला पांढरा थर

प्रश्न : सोसायटीत बोअरचे पाणी येते. गिझर उशिरा तापतो, नळांवर पांढरे डाग पडतात. तुरटी फिरवून फरक पडेल का?

उत्तर : नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो; विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्यातच राहते. पाणी तापले की त्याचा काही भाग कार्बोनेट होऊन कॉइलवर चिकटतो. थर जाड झाला की उष्णता पाण्यापर्यंत उशिरा पोहोचते, कॉइलही जळू शकते. त्यामुळे गिझर कमाल तापमानावर ठेवू नये आणि वर्षातून एकदा कारागिराकडून टाकी, अॅनोड रॉड तपासून घ्यावा.

नळाला व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके अर्धा तास गुंडाळावे, मग घासून धुवावे. शहाबादी किंवा संगमरवरी फरशीवर मात्र ते सांडू नये. ही फरशीही कॅल्शियम कार्बोनेटचीच, तिलाही आम्ल खाते.

आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो.

भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. सॉफ्टनरचा खर्च करण्याआधी सोसायटीने पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.