मूल स्वतःलाच मारतं तेव्हा : शरीरातली कारणं



काही मुलं डोकं भिंतीवर आपटतात, मनगट चावतात, स्वतःच्या गालावर चापट्या मारतात, खपली धरली की परत ओरबाडतात. स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यात जास्तच. अशा वेळी आपल्या हेदवीसारख्या गावात दोनच गोष्टी ऐकू येतात. एक, "हट्टी आहे, दोन फटके द्या." दुसरी, "बाहेरचं काहीतरी असेल, गाऱ्हाणं घाला." गाऱ्हाणं घालायला कुणाची ना नाही. पण त्याआधी टॉर्च घेऊन मुलाच्या तोंडात बघा. दाढ किडलेली असू शकते.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. कोपर लागलं की आपण ते जोरात चोळतो. चोळल्याची संवेदना मेंदूकडे गेली की मूळ दुखणं थोडं दबतं. ज्या मुलाला "कान दुखतो" हे सांगता येत नाही, ते कानावर बुक्के मारून हेच करत असेल. पावसाळ्यात सर्दी होऊन कान ठणकतो. दाढ दुखत असेल तर मूल जबड्यावर मारतं किंवा शर्टाची कॉलर चघळत बसतं. फक्त पेज आणि बिस्किटं खाणाऱ्या मुलाला चार-चार दिवस शौचाला होत नाही, आणि पोट दुखायला लागलं की हात चावणं सुरू. जेवणानंतर तासाभरात त्रास वाढत असेल तर पोटातलं आम्ल वर येत असेल. कॉर्नेलिया डी लँग सिंड्रोम या जनुकीय आजारात हे फार आढळतं. वयात आलेल्या मुलींच्या बाबतीत कॅलेंडर बघा. दर महिन्याला त्याच दिवसांत होत असेल तर कारण पाळीचं दुखणं असू शकतं. आईला हे बहुधा माहीत असतं, पण कुणी विचारत नाही.

झोपेचंही तसंच. स्मिथ-मॅजेनिस सिंड्रोममध्ये झोप आणणारं मेलाटोनिन रात्रीऐवजी दिवसा वाढतं. असं मूल वर्गात पेंगतं, चिडतं, नखं उपटतं. आपण मात्र त्याला आळशी म्हणतो.

काही वेळा कारण याहून खोल असतं. १९६४ साली लेश आणि नायहन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी एका आजाराचं वर्णन केलं. तो बहुतेक मुलग्यांनाच होतो, कारण बिघडलेलं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. एक एन्झाइम कमी पडतं आणि रक्तात युरिक आम्ल साठतं. ही मुलं स्वतःचे ओठ आणि बोटं चावून तोडतात. त्यांना दुखतं, ती रडतात, तरी हात तोंडाकडे जातोच. हात झाकून ठेवले की त्यांना बरं वाटतं, मोकळे केले की ती घाबरतात. औषधाने युरिक आम्ल कमी होतं, मूत्रपिंडं वाचतात, पण चावणं थांबत नाही. म्हणजे या वर्तनाचं मूळ रक्तातल्या आम्लात नसून मेंदूत आहे, आणि तिथल्या डोपामिन या रसायनाचा त्याच्याशी संबंध आहे असं मानतात. आजार अगदी दुर्मीळ आहे. पण "मनात असतं तर थांबला असता" असं म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते.

आणखी एक विचार एंडॉर्फिनचा. इजा झाली की शरीर स्वतःचं वेदनाशामक सोडतं, त्याने थोडं बरं वाटतं, म्हणून मूल परत इजा करून घेत असेल. हा परिणाम अडवणारं नाल्ट्रेक्सोन हे औषध देऊन पाहिलं गेलं. काही मुलांना फरक पडला, अनेकांना पडला नाही. म्हणजे सगळ्यांचं कारण एक नाही.

आता आपल्याकडचा भाग. १९८२ मध्ये अमेरिकेत इवाटा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा वर्तनानंतर मुलाला काय मिळतं ते तपासायला हवं: कुणी जवळ येतं का, की नको असलेलं काम सुटतं? कान दुखला म्हणून मूल डोकं आपटायला लागलं, आपण घाबरून वही बाजूला ठेवली. कान बरा झाला तरी आपटणं राहतं, कारण आता वही टळते. सुरुवात शरीराने केली, पुढे आपण चालवलं. म्हणून काम पूर्ण बंद करू नका. सोपं करा, आणि "थांबू" हे सांगायला एखादं चित्र किंवा खूण शिकवा.

एक वही घाला. वेळ, आधी काय झालं, नंतर आपण काय केलं, शरीराच्या कोणत्या भागावर मारलं, झोप, जेवण, शौच. दोन आठवडे पुरतात. हात बांधून ठेवू नका, डोक्याखाली उशी द्या, आरडाओरडा नको. डोळ्यात बोटं खुपसत असेल किंवा डोकं जोरात आपटत असेल तर थांबू नका, कारण डोळ्याचा पडदा सुटू शकतो. रिस्पेरिडोनसारखी औषधं काही मुलांना उपयोगी पडतात, पण भूक आणि वजन वाढतं. ती डॉक्टरांनीच ठरवायची, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून आणायची नाहीत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. पथक आलं की हे मूल "त्रास देतं" म्हणून मागच्या खोलीत बसवू नका, त्यालाच पुढे आणा. चिपळूण किंवा रत्नागिरीला जायचं ठरलं तर वही आणि मोबाईलवर घेतलेला मिनिटभराचा व्हिडिओ सोबत न्या. दवाखान्यात मूल नेमकं शांत बसतं. आणि डॉक्टरांना आधी दात, कान आणि पोट बघायला सांगा.