अद्भुतरम्य कादंबरीतील देह–मन–आत्मा हा आदिबंध : टॉल्कीनच्या तीन पात्रांच्या आधारे

अद्भुतरम्य साहित्यातील पात्रांचा विचार करताना देह, मन आणि आत्मा या त्रयीचा आधार वारंवार घेतला जातो. एक पात्र श्रमाचे व बळाचे, दुसरे विचाराचे वा द्वंद्वाचे, तिसरे ध्येयाचे, अशी वाटणी केली की कथेचा उलगडा झाला असे मानण्याकडे कल असतो. ही वाटणी कितपत अर्थवाही आहे आणि ती कोठे अपुरी पडते, याचा विचार जे. आर. आर. टॉल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीच्या आधारे येथे करावयाचा आहे.

प्रथम परिभाषेचा प्रश्न. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये जीवाचे तीन अंश येतात : विवेक, तेज आणि वासना. संत पॉलच्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आत्मा, जीव व शरीर अशी त्रयी आढळते. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात आत्मा हा रथी, शरीर हा रथ, बुद्धी ही सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे होत. या तीन मांडण्या एकमेकींशी जुळत नाहीत. विशेषतः अद्वैत परंपरेतील आत्मा हा अकर्ता, साक्षी आहे. तो थकत नाही, मोहात पडत नाही. कादंबरीतील पात्र मात्र थकते आणि मोहात पडते. म्हणून पाश्चात्त्य कादंबरीतील पात्रास ‘आत्म्याचे प्रतीक’ म्हणताना हा शब्द कोणत्या परंपरेतून घेतला आहे, हे स्पष्ट करणे आवश्यक ठरते. टॉल्कीन हे श्रद्धावान कॅथलिक होते, हे लक्षात घेता येथे ख्रिस्ती परंपरेतील आत्मा अभिप्रेत धरणे अधिक सयुक्तिक होय.

फ्रोडो, सॅम आणि गॉलम यांच्या प्रवासाला ही त्रयी लावून पाहण्यास आधार आहे. फ्रोडो, सॅम, गॉलम व त्याचेच पूर्वरूप असलेला स्मीगॉल यांना एकत्र केले असता एकच गुंतागुंतीचे व्यक्तिमत्त्व सिद्ध होते, असे निरीक्षण उर्सुला ल ग्विन यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात नोंदविले आहे. सॅम हा माळी आहे. अन्न, भांडी, दोर, ओझे ही त्याची सृष्टी. मॉर्डॉरमध्ये स्वयंपाकाची भांडी टाकून देताना त्याला रडू आवरत नाही. गॉलम हे दुभंगलेले मन आहे. त्याचा स्वतःशीच चाललेला वाद सॅम ऐकतो. अंगठी नष्ट करण्याचे व्रत वाहणारा आणि गॉलमवर दया करणारा फ्रोडो हा आत्म्याच्या जागी येतो.

परंतु कथेच्या निर्णायक टप्प्यावर ही वाटणी मोडते. अंगठीचा भार वाढत जातो तसतशी फ्रोडोला अन्नाची चव आणि वाऱ्याचा आवाजही आठवेनासा होतो. उलट, मॉर्डॉरच्या काळोखात तारा पाहून अंधार हा क्षणिक आहे, हे उमगते ते सॅमला. शेवटच्या चढणीवर सॅम फ्रोडोला पाठीवर घेतो, येथवर देहाने आत्म्याला वाहिले असे म्हणता येईल. त्याच पर्वतावर गॉलम तलवारीच्या टप्प्यात येतो. सॅमने यापूर्वी गॉलमचा नेहमीच संशय घेतला होता; किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर गॉलमच्या मनात उमटू पाहणारा पश्चात्ताप सॅमच्याच कठोर शब्दांनी विरून गेला होता. आता मात्र तो गॉलमला मारू शकत नाही. कारण त्याने स्वतः थोडा काळ अंगठी वाहिलेली असते आणि त्या यातनेची पुसट कल्पना त्याला आलेली असते.

पुढे अग्निकुंडाच्या कडेला फ्रोडो अंगठीवर स्वतःचा हक्क सांगतो, म्हणजे आत्मा हरतो. गॉलम त्याचे बोट तोडून अंगठी घेतो आणि तोल जाऊन आगीत पडतो. सॅमने गॉलमला जिवंत सोडले नसते, तर अंगठी नष्ट झाली नसती. कथेचे यश आत्म्याच्या प्रतिनिधीला मिळत नाही. ज्याला आपण ‘देह’ म्हटले त्याने आत्म्याचे कार्य केले, म्हणून ते संभवते. याचा अर्थ असा की, आदिबंध येथे पात्रांची ओळख निश्चित करीत नाही. तो एका पात्राकडून दुसऱ्याकडे संक्रमित होतो आणि त्या संक्रमणातच कथेचा नैतिक आशय आहे.

या वाटणीस एक सामाजिक बाजूही आहे. प्लेटोच्या त्रयीतील वासनेशी उत्पादक वर्गाची सांगड आहे. नोकर असलेल्या सॅमला ‘देह’ ठरविताना समीक्षक नकळत हीच उतरंड स्वीकारतो. प्रत्यक्षात फ्रोडो आपल्या ग्रंथाची शेवटची कोरी पाने सॅमकडे सोपवतो. पुढे तो अनेकदा नगराध्यक्ष होतो. श्रम करणारा हात लिहिणाराही ठरतो, ही नोंद त्रयीच्या चौकटीत बसत नाही.

टॉल्कीन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत रूपकात्मक वाचनाविषयी नापसंती व्यक्त केली असून वाचकाने स्वतःच्या अनुभवाला कथा लावून पाहण्याचे स्वातंत्र्य वेगळे मानले आहे. आदिबंधात्मक समीक्षेनेही हा विवेक पाळावयास हवा. त्रयीची चौकट अभ्यासाचा आरंभ म्हणून उपयुक्त आहे. कोणते पात्र कोणत्या घटकाचे, हा पहिला प्रश्न झाला. ते पात्र आपल्या घटकाची मर्यादा कोठे आणि कशामुळे ओलांडते, हा प्रश्न विचारल्याखेरीज अभ्यास पूर्ण होत नाही.