हिशेबाची वही

राजस्थानात भीम नावाचा तालुका आहे. मुलूख डोंगराळ आणि कोरडा. दुष्काळ पडला की सरकार तेथे रस्ते, बंधारे अशी कामे काढी आणि गावकरी मजुरीला जात. कामावर कोण आले, किती दिवस आले, हे एका कागदावर लिहिले जाई. त्याला हजेरीपट म्हणतात. हातात मजुरी पडे, ती मात्र ठरलेल्या दरापेक्षा कमी. का, असे विचारले तर उत्तर मिळे, "तुम्ही काम कमी केले." हजेरीपट दाखवा म्हटले तर, "तो सरकारी कागद आहे. तुम्हांला पाहता येणार नाही."

१९९० साली या भागात मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. अरुणाताई पूर्वी भारतीय प्रशासन सेवेत होत्या. ती मोठी नोकरी त्यांनी १९७५ मध्ये सोडली होती. डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना या गावी संघटनेने पहिली जनसुनावणी भरवली. कशीबशी मिळवलेली कागदपत्रे भर सभेत मोठ्याने वाचली गेली. अशा सुनावण्यांतून काय काय बाहेर आले! कोणी कामावर कधी गेलेच नव्हते, कोणी तर केव्हाच मरण पावले होते. कागदावर मात्र त्यांची मजुरी चालू होती.

एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर शहरात लोक धरणे धरून बसले. धरणे ४० दिवस चालले. गावोगावच्या कुटुंबांनी त्यासाठी धान्य दिले. त्यांची घोषणा होती, 'हमारा पैसा, हमारा हिसाब!' ही घोषणा तुम्हांला समजावून सांगायला नको. मराठीत 'हिशेब' म्हणतात, एवढाच फरक. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला.

पण तोवर वहीच बदलू लागली होती. रेशन, पेन्शन, मजुरी, सगळ्याची नोंद हळूहळू संगणकात गेली. शाईच्या वहीत खाडाखोड दिसते. संगणकातून नाव गेले, तर ज्याचे गेले त्याला पत्ताही लागत नाही. राबून राबून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा ठसा रेशनचे यंत्र कधी कधी ओळखत नाही. माणूस समोर उभा, आणि यंत्र म्हणते, हा तो नव्हे! मग भांडायचे कोणाशी?

१३ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थान सरकारने 'जन सूचना पोर्टल' सुरू केले. त्यासाठी सरकारी अधिकारी आणि लोकसंघटनांचे कार्यकर्ते एकत्र बसले होते. कोणती माहिती द्यावी, ती कशी मांडावी, याची त्यांनी चर्चा केली. माझ्या मते यातली मोठी गोष्ट हीच. यंत्र तयार झाल्यावर तक्रार करणे वेगळे आणि ते तयार होत असताना आपल्याला विचारले जाणे वेगळे. कोणत्या रेशनकार्डावर किती धान्य उचलले, हे आता अर्ज न करता पाहता येऊ लागले. धान्य मिळालेच नाही आणि तेथे 'उचलले' असे दिसले, तर पुरावा हातीच आला. अर्थात वाचता न येणाऱ्या आजीला तो कोणीतरी वाचून दाखवावा लागतोच.

मग सर्वांचे सगळेच सर्वांना दाखवायचे का? तसेही नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. हा खटला के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायाधीशांनी दाखल केला होता. दुकानदाराने किती धान्य वाटले, हे जगजाहीर व्हावे. पण कोणाचा आजार किंवा आधार क्रमांक चावडीवर मांडायचे कारण नाही. मधली रेघ कोठे ओढावी, याचा वाद सोपा नाही. कोटकिरान्याला नावे मोठ्याने वाचली, म्हणून तर चोरी कळली होती.

शब्दार्थ : मुलूख – प्रदेश. खाडाखोड – लिहिलेले खोडून बदलणे. जगजाहीर – सर्वांना माहीत असलेले. चावडी – गावाच्या कारभाराची जागा.