प्रकाशकणांवरची किल्ली

दोन व्यक्तींना दुरून गुप्त पत्रव्यवहार करायचा असेल, तर निरोप उलगडण्याची सांकेतिक किल्ली केवळ त्या दोघांजवळच असावी लागते. परंतु ती पोहोचवताना वाटेत कोणी पाहिली, तर ते कळणार कसे?

१९८४ मध्ये चार्ल्स बेनेट व झिल ब्रासार या शास्त्रज्ञांनी यावर उपाय मांडला. किल्लीतील शून्य किंवा एक हा प्रत्येक अंक एकेका प्रकाशकणावर, म्हणजे फोटॉनवर, पाठवायचा. प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेवरून तो अंक ओळखायचा. दिशांच्या जोड्या दोन : एक उभी-आडवी, दुसरी तिरकी. पाठवणारा व घेणारा दर वेळी आपापली जोडी यदृच्छेने निवडतात. नंतर ते केवळ जोड्यांची नावे उघडपणे सांगतात आणि जुळलेल्या ठिकाणचे अंक तेवढे ठेवतात. हेराला जोडी ठाऊक नसते. अज्ञात फोटॉनची हुबेहूब प्रत काढता येत नाही आणि चुकीच्या जोडीने मोजल्यास त्याची दिशा बदलते. प्रत्येक फोटॉन अडवून, मोजून पुढे पाठवणारा हेर ठेवलेल्या अंकांपैकी सरासरी २५ टक्के बिघडवतो. चुकाच त्याची चाहूल देतात.

मात्र ऑप्टिकल फायबरचा काचेचा तंतूही निर्दोष नसतो. १०० किलोमीटरनंतर शंभरातील सुमारे एकच फोटॉन उरतो. तापमान व हादरे यांमुळे कंपनाची दिशा ढळते. टिपणारे यंत्र कधी कधी प्रकाश नसतानाही नोंद करते. मग चूक हेराची की तंतूची?

हे ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक चूक हेराचीच मानली जाते. काही अंक उघडपणे ताडून चुकांचे प्रमाण काढतात. या पद्धतीत ते सुमारे ११ टक्क्यांहून कमी असेल, तर चुका दुरुस्त करून लांब किल्लीतून आखूड, पण सुरक्षित किल्ली घडवता येते. प्रमाण अधिक असल्यास किल्ली टाकून देतात. निरोप अद्याप पाठवलेलाच नसल्याने गुपित फुटत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटना आणि आयआयटी दिल्ली यांच्या शास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशात प्रयागराज ते विंध्याचल या १०० किलोमीटरहून अधिक अंतरावर, आधीच टाकलेल्या फायबरमधून अशी किल्ली पाठवून दाखवली. सदोष मार्गावरही विश्वास उभारता येतो. त्यासाठी दोषांचे मोजमाप मात्र काटेकोर हवे.

पाठगत प्रश्न
१. हेराची चाहूल कशावरून लागते?
२. तंतूमुळे झालेली चूकही हेराचीच का मानावी लागते?