डॉक्टरकाकांचा बॅकअप

सबमिशनच्या आदल्या रात्री पेनड्राइव्ह करप्ट होणं हा आपल्या होस्टेलचा राष्ट्रीय सण आहे. मग शेजारच्या रूममधून कुणाची तरी फाइल आणायची, नाव बदलायचं, की विषय संपला. (स्टाफने हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.) पण दवाखान्याची फाइल शेजारच्या दवाखान्यातून आणता येत नाही.

हे मला चिपळूणला कळलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि आमच्या फॅमिली डॉक्टरांची खालची ओपीडी बुडाली. वरच्या मजल्यावरच्या चार कॉट वाचल्या. डॉक्टरकाका निष्काळजी मुळीच नव्हते. रोज रात्री ते न चुकता एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी घ्यायचे. ती डिस्क कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असायची. चिखल उपसताना दोन्ही एकदमच सापडले.

त्यानंतर कित्येक महिने काका पेशंटलाच विचारायचे, "आजी, कोणत्या गोळीची रिअ‍ॅक्शन आली होती हो तुम्हाला?" आजी म्हणायच्या, "ती नाही का, पांढरी." ऐकायला गंमत वाटते, पण चुकीची पांढरी गोळी दिली गेली तर गंमत राहत नाही. शिवाय भरती झालेल्या पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवावेत आणि मागितल्यास ७२ तासांत द्यावेत, असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे.

तर पहिला मुद्दा जागेचा. बॅकअपमध्ये ३-२-१ नावाचा एक नियम सांगतात: डेटाच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली १ प्रत दुसऱ्या ठिकाणी. हा नियम पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने लोकप्रिय केला, कुठल्या कॉम्प्युटर प्रोफेसरने नाही! काकांकडे २ प्रती होत्या, दुसरी जागा मात्र नव्हती. आणि दुसरी जागा म्हणजे समोरची बिल्डिंग नव्हे. एकच पूर दोन्हीकडे पोचणार असेल, तर ती एकच जागा धरायची.

सेकंड इयरच्या सुट्टीत मी शहाणपणा करून म्हटलं, "काका, ऑनलाइन फोल्डर सिंक करू, झालं काम." हे चूक होतं. सिंक म्हणजे आरसा. इकडे फाइल डिलीट झाली की तिकडेही डिलीट. रॅन्समवेअरने इकडच्या फाइल्सना कुलूप घातलं, की सिंक इमानदारीत कुलूपबंद फाइल्स वर पाठवतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर असा हल्ला झाला, तेव्हा तिथलं काम कित्येक दिवस कागदावर चाललं. त्यांचा ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून सुटला होता. म्हणून जुन्या आवृत्त्या शिल्लक राहतील आणि दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरून त्या पुसता येणार नाहीत, अशी सोय लागते.

दुसरा मुद्दा गुप्ततेचा. कुणाला शुगर आहे, कुणाची सोनोग्राफी कशासाठी झाली, अर्ध्या गावाची ही माहिती परक्या सर्व्हरवर उघडी ठेवायची? नाही. ती दवाखान्यातून निघण्याआधीच एन्क्रिप्ट करायची. एईएस-२५६ मध्ये शक्य असलेल्या किल्ल्यांची संख्या ७८ आकडी आहे, त्यामुळे अंदाजाने कुणी उघडेल ही भीती सोडा. भीती वेगळीच आहे: किल्ली आपल्याकडूनच हरवली, तर आपणही बाहेरच. काकांनी पासवर्ड त्याच कॉम्प्युटरवर 'पासवर्ड' नावाच्या फाइलमध्ये ठेवला होता. आता तो कागदावर लिहून एक पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक पुण्याला त्यांच्या भावाकडे आहे.

आता गणित, नाहीतर सर म्हणतील इंजिनिअरिंग कुठे आहे. काकांचा सगळा डेटा, सोनोग्राफीच्या इमेजेस धरून, ४० जीबी. अपलोड स्पीड सेकंदाला १० मेगाबिट. बिट आणि बाइट यात ८ चा फरक (व्हायव्हात मी इथेच आपटले होते), म्हणजे ३,२०,००० मेगाबिट भागिले १०, म्हणजे ३२,००० सेकंद, जवळजवळ ९ तास. रोज एवढं पाठवणं शक्य नाही. पण रोज बदलतं ते जेमतेम १५० एमबी. फक्त बदललेला भाग पाठवला, तर २ मिनिटांत काम होतं. पहिली रात्र तेवढी लांबते.

सगळं लावून झालं, रोज हिरवी टिकमार्क दिसायला लागली, काका खूश. दिवाळीत मी म्हटलं, आता हा डेटा माझ्या लॅपटॉपवर परत आणून बघू. इमेजेस आल्या, बिलं आली, पेशंटची नोंद असलेला डेटाबेस मात्र ३ आठवडे जुना! कारण साधं होतं. त्या ३ आठवड्यांत दवाखान्याचं सॉफ्टवेअर रात्रभर चालूच राहायचं, डेटाबेसची फाइल त्याच्या ताब्यात असायची, आणि बॅकअप प्रोग्राम ती फाइल सोडून पुढे जायचा. लॉगमध्ये त्याने तसं रोज लिहिलं होतं. लॉग कोण वाचतो? आणि चालू फाइल जबरदस्तीने कॉपी केली तरी उपयोग नाही, कारण लिहिणं अर्धवट असताना घेतलेली कॉपी उघडेलच असं नाही. आता आधी डेटाबेसचा डम्प निघतो आणि बॅकअपमध्ये तो डम्प जातो. माझ्या लॅपटॉपवर आलेल्या फाइल्स मी तिथेच काकांसमोर पुसल्या.

मी इथे होस्टेलवर, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या शनिवारी ही परीक्षा कंपाउंडरदादा घेतात. वरच्या मजल्यावर फक्त त्यासाठी ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर कालच्या तारखेचे ५ पेशंट उघडून बघायचे, वहीत सही करायची आणि मला फोन करायचा. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, "ताई, चारच उघडले, पाचवा दिसत नाही." शोधलं तर पाचव्या पेशंटची नोंद काकांनी केलीच नव्हती.