सुदानला जुने कपडे पाठवावेत का?

प्रश्न : सुदानमधल्या युद्धामुळे बेघर झालेल्यांसाठी आमच्या सोसायटीने कपडे, ब्लँकेटं जमवली आहेत. ती कुठे पाठवावीत?

उत्तर : कपडे इथल्याच गरजूंना द्या, तिकडे पैसे पाठवा. एप्रिल २०२३ पासून तिथे लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली आहे. निर्वासितांनी गाठलेल्या शेजारच्या चाड देशातल्या आद्रे गावापर्यंत गाठोडी नेण्याचा खर्च त्यांच्या किमतीहून जास्त होईल. पैशांतून मात्र नेमकं हवं तेच घेता येतं. उदाहरणार्थ, कुपोषित मुलांसाठीचं अन्न. पाच वर्षांखालच्या मुलाच्या दंडाचा घेर फितीने मोजतात. तो ११५ मिलिमीटरहून कमी भरला की तीव्र कुपोषण समजून शेंगदाण्याच्या पोषक पेस्टची ९२ ग्रॅमची पाकिटं सुरू करतात. एकात सुमारे ५०० कॅलरी. चूल नको, पाणी मिसळायला नको. युनिसेफसारख्या संस्थेच्या अधिकृत खात्यातच रक्कम भरा आणि पावती जपून ठेवा.